बेलापूरचा भग्न किल्ला

आमचा एक पुतण्या हल्ली स्कॉटलंडात असतो. गेल्या दिवाळीस त्याने तेथील लॉक नेस सरोवराच्या काठच्या अर्कर्ट नामक दुर्गाची छायाचित्रे धाडली. ग्रँट कुळास राजाने १५०९ साली दिलेला हा दुर्ग १६९२ साली निघून जाणाऱ्या सरकारी शिबंदीनेच, शत्रूस आश्रय मिळू नये म्हणून, सुरुंग लावून उडविला. तेव्हापासून तो ओसाड आहे. तथापि जगभरचे लोक तिकिटे काढून त्याचे दर्शन घेतात.

चित्रे पाहून आमच्या नातवाने विचारले, “आजोबा, आपल्याकडे असा किल्ला नाही?” आम्ही शिवनेरी, रायगड, वसई अशी नावे सांगू लागलो. “तसे नव्हे, इथे, जुईनगरजवळ!” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. जुईनगराहून आगगाडीने तिसरे स्थानक बेलापूर, आणि तेथे किल्ला आहे. तीस वर्षे आम्ही शाळेत इतिहास शिकविला, वसईचा वेढा फळ्यावर खडूने काढून दाखविला. परंतु या किल्ल्याकडे मुलांना कधी नेले नाही, आणि खरे सांगावयाचे तर स्वतःही गेलो नाही.

पुढच्याच रविवारी निघालो. स्थानकाबाहेर रिक्षावाल्यास ‘किल्ले गावठाण’ एवढे सांगितले की पुरते. महानगरपालिकेची घुमटाकार भव्य इमारत व तिच्यापुढील उंच राष्ट्रध्वज दृष्टीस पडला, म्हणजे आपण जवळ आलो असे समजावे.

पनवेलच्या खाडीच्या मुखाशी, एका ठेंगण्या टेकडीवर हा किल्ला सोळाव्या शतकात, १५६० ते १५७० च्या दरम्यान, सिद्द्यांनी बांधला. हबसाणातून आलेल्या या दर्यावर्दी लोकांनी जंजिऱ्याप्रमाणेच येथेही पाण्याच्या वाटेवर नजर ठेवली. खाडीतून जाणारा माल व गलबते ज्याच्या दृष्टीखाली, त्याच्या हाती जकात, हे साधे गणित होय. १६८२ च्या सुमारास किल्ला पोर्तुगीजांकडे गेला. शेजारच्या शहाबाज गावावरून ते यास ‘साबायो’ म्हणत. शहाबाज अद्याप आहे. साबायो मात्र कागदांतच उरला.

पुढे मराठ्यांनी तो घेतला. चिमाजीअप्पांविषयी येथे एक कथा सांगतात. किल्ला हाती आला तर जवळच्या अमृतेश्वरास बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा त्यांनी नवस केला. तो फळला आणि किल्ल्यास बेलापूर नाव पडले. कथा गोड आहे, व ती मोडण्याचे पातक आम्ही करणार नाही. तथापि संस्कृत शिकलेल्या मनास एक खोड असते. ‘वेला’ म्हणजे समुद्राचा काठ. वेलापुराचे बेलापूर होणे आम्हांस अधिक स्वाभाविक वाटते. नातवास दोन्ही सांगितले. त्याने बेलाची माळ पसंत केली!

१७३९ च्या मे महिन्यात वसई पडली व पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता बुडाली. त्यानंतर सुमारे पाऊण शतक बेलापुरावर मराठ्यांचे निशाण होते. येथे प्रत्येकी १८० माणसांच्या चार तुकड्या व चौदा तोफा असत, असे वर्णन आढळते. आज त्या पडक्या जागेत उभे राहून सातशेवीस माणसांची चूल, पाणी आणि दाणावैरण यांची कल्पना करून पाहावी. मग किल्ला म्हणजे केवळ भिंत नव्हे, हे कळते. १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला, आणि मराठ्यांस पुन्हा उपयोगी पडू नये या धोरणाने त्याची पाडापाड केली. अर्कर्टची कथा ती हीच. दोन्ही दुर्ग काळाने नव्हे, माणसांनी हेतुपूर्वक पाडले.

फरक पडला तो पुढे. तिकडे पडलेला दगडही जपून ठेवला आहे. इकडे एक बुरूज व तटाचे काही तुकडे झाडाझुडपांत उभे आहेत. पिंपळाच्या मुळ्या सांध्यांत शिरून चुना सुटा करीत आहेत. सिडकोने संवर्धनाची योजना मांडली, हे आम्ही जाणतो. परंतु मुळ्यांस योजनेची भाषा समजत नाही. याच गावठाणात गोवर्धनी मातेचे देऊळ मात्र उत्तम राखलेले आहे, कारण तेथे गावाचे येणेजाणे आहे.

एका ग्रामस्थाने नातवास सांगितले की, येथून घारापुरीपर्यंत भुयार आहे. खाडीखालून एवढे भुयार कोण खोदील, हे आम्ही मनातच ठेविले. पोरगा तासभर झुडपांत त्याचे तोंड शोधीत होता.

ज्यांस जावयाचे असेल त्यांनी पावसाळा टाळावा. निसरडे होते व सर्पभयही असते. पायांत बूट असावेत, पाणी बरोबर घ्यावे, आणि बुरुजावर मुलांस चढू देऊ नये. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील सात मुले पुढील रविवारी यावयास सिद्ध आहेत. भुयाराची बातमी त्यांस अगोदरच पोहोचली आहे.