डुक्कर फियाट आणि आरसी बुकातलं नाव



आज आपण मोटारीबद्दल बोलणार आहोत. तीही आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या आधी जन्मलेल्या मोटारीबद्दल. “बचत गटाला जुन्या मोटारीचं काय करायचंय?” असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हणालो होतो.

आमच्या गटात एक काकी आहेत. दोन वर्षांपूर्वी काका वारले. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासऱ्यांच्या वेळची एक फियाट उभी होती, १९५८ सालची. काकांनी ती जपली, अधूनमधून चालवली. ते गेल्यावर तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या पडल्या. भंगारवाला आला आणि वजनावर भाव सांगून गेला. पुतणे म्हणाले, “काकी, देऊन टाका. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” काकींनी गटाकडे दुरुस्तीसाठी १२,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा आम्हीही म्हणालो, “काकी, विकून मोकळ्या व्हा. चैनीच्या वस्तूला कर्ज कसं द्यायचं?”

काकी शांतपणे म्हणाल्या, “विकायची तर विकीन. पण आधी ती काय आहे ते मला कळू दे. न कळता विकली की भाव दुसराच ठरवतो.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेळी विकताना आपण तिचे दात बघतो, मग मोटार डोळे झाकून का द्यायची? गटाने कर्ज मंजूर केलं. तालुक्याच्या गावातले एक म्हातारे मेस्त्री दर रविवारी यायला तयार झाले. काकी आणि आम्ही चौघी त्यांच्याजवळ बसून जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी गाडीची ओळख. इटलीच्या फियाट कंपनीने ‘११००’ ही गाडी १९५३ साली नव्या रूपात आणली. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार होऊ लागली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ साली काढली होती. गाडीचं नाक आणि फुगीर पाठ बघून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव आजही चालतं. इंजिन १०८९ सीसीचं. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. म्हणून चालत्या गाडीत दाराला हात लावायचा नाही. कडी जरा सैल झाली तरी वारा दार ओढून उघडतो.

मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “पेट्रोलच्या गाडीला चूल समजा. चुलीला लाकूड लागतं, हवा लागते आणि काडी लागते. गाडी चालू होत नसेल तर या तिन्हीपैकी काय कमी पडतंय ते शोधायचं.” इथे लाकूड म्हणजे पेट्रोल. हवा आणि पेट्रोल मिसळायचं काम कार्बोरेटर करतो. आणि काडी म्हणजे प्लगची ठिणगी.

गाडी चालू होत नसली की आम्ही याच क्रमाने बघतो.

पहिली बॅटरी. हॉर्न वाजवायचा. आवाज बसका आला किंवा दिवे मंद झाले तर बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा चुरा साठलाय का ते बघायचं. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासलं की तो निघतो. मग तारा घट्ट आवळायच्या. काकींच्या गाडीचा पहिला आजार एवढाच होता.

दुसरं पेट्रोल. टाकी मागे असते आणि इंजिनाजवळचा छोटा पंप तिथून पेट्रोल ओढतो. मेस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात. गाडी खूप दिवस उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, टाकीला गंज धरतो आणि तो गंज नळीत अडकतो. आम्ही जुनं पेट्रोल काढलं, टाकी धुऊन घेतली, फिल्टर बदलला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. त्याने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, तडकतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आग लागते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवणं हा पहिला खर्च. त्यात कंजुषी नको.

तिसरी ठिणगी. प्लग काढायचा, तार लावून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवायचं आणि दुसरीला स्टार्टर मारायला सांगायचं. निळसर ठिणगी दिसली तर ठीक. तार कोरड्या कापडाने धरायची, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नसावं. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट बघायचे. हे दोन छोटे तुकडे उघडतात-मिटतात आणि त्यातून ठिणगी तयार होते. ते काळे पडले तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचे. उघडल्यावर त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी फट हवी. आज हे काम काकी स्वतः करतात. त्यांचे हात भाकरी थापणारे आणि कांद्याची रोपं लावणारे. बारीक कामाची त्या हातांना सवय आहेच.

आता आमची चूक सांगतो. ती लपवून उपयोग नाही.

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात आम्ही गाडी शेतातल्या वाटेवर काढली. कागदपत्रं व्हायची होती म्हणून डांबरी रस्त्यावर नेली नव्हती, एवढं शहाणपण होतं. आमच्यातली जी पिकअप चालवते ती गाडी चालवत होती. पाणी बघितलं होतं, ऑइल बघितलं होतं, पेट्रोल बघितलं होतं. विहिरीकडच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पायटा थेट खाली गेला. गाडी थांबेना. तिने गिअर खालचा टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी उसाच्या बांधाला घातली. कुणाला लागलं नाही. पण पुढे विहीर होती, आणि त्या रात्री आम्हाला कुणालाच झोप आली नाही.

मेस्त्री रागावले. एका चाकाच्या सिलेंडरमधून ब्रेक ऑइल गळत होतं. नव्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक गेली तरी दुसरी धरते. या जुन्या गाडीत वाट एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून आता आमचा नियम असा आहे: गाडी चालू होते का ते नंतर बघायचं, थांबते का ते आधी. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघायचं. ब्रेक ऑइलची पातळी बघायची. गाडी उभी असतानाच पायटा दाबून धरायचा, हळूहळू खाली जात असेल तर जागची हलवायची नाही. गटाच्या कर्जातला मोठा वाटा ब्रेकवरच गेला.

गाडी रस्त्यावर आल्यावर दुसरा धडा पसरणी घाटात मिळाला. वाईहून पाचगणीला चढताना, एप्रिलच्या उन्हात, गाडी गचके देऊन बंद पडली. ठिणगी होती, टाकीत पेट्रोलही होतं. पण उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. काकींनी पदराला हात न लावता पिशवीतलं जुनं फडकं काढलं, पाण्यात भिजवून पंपावर ठेवलं. वीस मिनिटांनी गाडी निघाली. मात्र एक लक्षात ठेवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं. गाडी थंड होऊ द्यायची, मग कापड धरून हळू उघडायचं.

चालवतानाचं थोडं सांगतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकायचा नाही, दाते घासतात. सकाळी चोक ओढून चालू करायची, इंजिन तापलं की चोक परत आत ढकलायचा. गाडीला मुळात पट्टे नाहीत, म्हणून वेग बेताचा. पुढच्या वाहनापासून अंतर नेहमीपेक्षा दुप्पट.

आता कागदांचं. हे नीट ऐका, कारण ज्यांच्या घरी मोटार नाही त्यांनाही ते लागेल.

काका गेले तरी आरसी बुकात त्यांचंच नाव होतं. कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, आणि ३ महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वाहन वारसाच्या नावावर करून घ्यायचं. काकींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. उशिराचा दंड भरावा लागला, मुलांची संमतीपत्रं जोडावी लागली, चार चकरा झाल्या, पण काम झालं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. विमा आणि पीयूसी वेगळे.

५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणीही आहे. तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नवी नोंदणी २०,००० रुपयांची, १० वर्षांसाठी. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायलाच बाहेर काढता येते. काकींना गाडी चालवायची होती, म्हणून त्यांनी साधी नोंदणीच वाढवून घेतली. लग्नात भाड्याने द्यायचा विचारही आम्ही केला होता. पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. तो विचार सोडला.

मग गटाचे पैसे बुडाले का? नाही. काकींनी दुधाच्या पैशातून दहा महिन्यांत हप्ते फेडले. ५६ व्या वर्षी त्यांनी लायसन काढलं. मध्यंतरी एक जण गाडी बघायला आला. त्याने सांगितलेला भाव भंगाराच्या कितीतरी पट होता. काकींनी त्याला पंप दाखवला, नव्या नळ्या दाखवल्या, ब्रेकची पावती दाखवली आणि म्हणाल्या, “विचार करून सांगते.” अजून त्यांचा विचार चालू आहे. घाई कुणालाच नाही.

मैत्रिणींनो, डुक्कर फियाट सगळ्यांच्या घरी नसते. पण ट्रॅक्टर असेल, मोटारसायकल असेल, विहिरीवरचं इंजिन असेल. आज संध्याकाळी दोन गोष्टी करा. घरातल्या वाहनाचं आरसी बुक काढून त्यात कुणाचं नाव आहे ते वाचा. आणि एकदा बोनेट उघडून, नाहीतर इंजिनाजवळ बसून, कोणती नळी कुठे जाते ते बघा. पुढच्या बैठकीत जिला जे दिसलं ते तिने सांगायचं.

नमस्कार.