पाणी जातं कुठं?

खानदेशात मे महिन्यात गाडी उकळली की दोष उन्हाला जातो. दोंडाईचाकडून निघालेल्या गाड्या कोंडाईबारीच्या किंवा शिरपूरपलीकडच्या बिजासन घाटात बॉनेट उघडून उभ्या दिसल्या, तर बघणारा आधी आभाळाकडे बोट दाखवतो. हा आरोप सर्वस्वी खोटा नाही. रेडिएटरमधून उष्णता किती बाहेर पडणार हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४५ वर गेली की तो ५० वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद जवळपास चौथाईने घटली. पण गाडी बनवणारे असा उन्हाळा हिशेबात धरून रेडिएटरला थोडी जास्तीची ताकद देतात, आणि त्याच दुपारी त्याच चढावरून कितीतरी गाड्या काटा न हलवता पार होतात. ऊन ही जास्तीची ताकद खातं हे कबूल. मात्र जी गाडी उकळते तिच्यात ती आधीच कुणीतरी खाऊन ठेवलेली असते. माझ्या मते हा चोर बहुतेकदा डिकीतल्या पाण्याच्या कॅनमध्ये सापडतो.

आपल्याकडचं विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुतांशी काळ्या बसाल्ट खडकातून झिरपून आलेलं असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं विरघळलेली असतात. पाणी तापलं की त्यांची न विरघळणारी कार्बोनेटं होतात आणि जिथं सगळ्यात जास्त गरम तिथंच चिकटतात. पातेल्याच्या बुडाशी धरतो तोच हा पांढरा थर. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरते, त्यामुळे सिलिंडरभोवती त्याचा पातळ पापुद्राही पुरेसा घात करतो. यावर ‘एवढ्याशा पाण्यात क्षार असून असून किती असणार?’ असं विचारलं जातं. समजा, लिटरमागे अर्धा ग्रॅम. आठ लिटरच्या एका भरणीत चार ग्रॅम. त्याने इंजिनाचं फारसं बिघडत नाही, हे मान्य. पण रोज अर्धा लिटर वरून टाकावं लागत असेल तर? पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षार आतच राहतात. वर्षाला नव्वद ग्रॅम! ते सगळेच चिकटत नाहीत, तरी रेडिएटरच्या बारीक नळ्यांना तेवढे जड जातात. म्हणून गाडीने पाणी मागितलं की ते देऊन मोकळं होणं हा उपाय नव्हे. बंद व्यवस्थेतलं पाणी कमी होतंच कसं, हे आधी शोधायला हवं.

रोज पाणी पाजण्याची ही सवय बहुधा शेतातल्या ऑइल इंजिनाकडून आली असावी. तिथं पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं सिलिंडरभोवती फिरवून सोडून देता येत असे. ताजं पाणी सतत वाहतं, फारसं तापत नाही. मोटारीत मात्र तेच पाणी पुन्हापुन्हा फिरतं आणि दाबाखाली तापतं. रेडिएटरचं टोपण साधारण एक बारचा दाब धरतं, आणि त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर वाळलं की पाणी शंभरालाच उकळू लागतं. रेडिएटर खोलून नळ्यांत सळई फिरवायला तयार असलेली मंडळी हे टोपण मात्र बदलत नाहीत, याचं नवल वाटतं. (गरम गाडीचं टोपण उघडू नये ते याच दाबापायी, दाब सुटताच पाण्याची वाफ होते आणि तोंडावर येते.)

गाडी गरम कधी होते, यावरून निम्मं निदान होतं. बाजारपेठेत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा सेन्सर बघावा. गावात ठीक पण महामार्गावर वेग धरताच तापत असेल, तर रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धुळीने, कापसाच्या तुसाने चोंदलेला असण्याचा संशय मोठा. मळणीयंत्रावर लावलेल्या ट्रॅक्टरचं दुखणं आणखी वेगळं. तो जागेवर पूर्ण जोर लावतो, समोरून वारा नाही, वर भुसा जाळीवर बसतो. तिथं कूलंट बदलण्याआधी जाळी झाडावी. पाणी घटतंय, पण थेंब कुठंच सांडत नाही, सायलेन्सरच्या नळीतून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ दिसतं, तर हेड गॅसकेट गेली असं समजावं. काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला तर तो चुकीचं, कधी चक्क कमी तापमान दाखवतो.

‘थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, गाडी थंड चालते’ हा सल्ला मात्र जोरात चालतो, आणि त्यामागे अनुभव आहे. अडकलेला वॉल काढला की काटा खरंच खाली येतो. पण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडणारा हा झडपेचा तुकडा इंजिनाला लवकर गरम करण्यासाठी असतो. तो नसला की इंजिन दीर्घकाळ थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच वॉल बायपासची वाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परततो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर संगणक तापमान बघून इंधन मोजतो. बिघडलेला वॉल बदलायचा असतो. काढून फेकायचा नसतो.

राहिला खर्चाचा आक्षेप. कूलंट महाग पडतं, हे खरं. पण शुद्ध केलेल्या पाण्यात ते निम्मं मिसळलं की उत्कलनबिंदू वाढतो, गंज आवरतो, आणि गळती नसेल तर रोज काही टाकावंच लागत नाही. त्याचा खरा दोष वेगळा आहे आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनी तो लपवू नये: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गॅरेजमागच्या गटारीत ओतलेलं हिरवं पाणी कुत्रं किंवा वासरू आवडीने चाटतं, आणि दोन-चार दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.