लेबलवरून पिनकोड का हरवतो?

महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास आले, त्याचे नाव होते सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक. नावांतील साम्यामुळे गांधीजींचे टपाल तिकडे जाऊ लागले आणि अखेर १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. आज हा घोटाळा टाळण्याचे काम सहा अंक करतात. सेवाग्राम ४४२१०२, तर शेगाव ४४४२०३.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर तिचे जनक. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. या अंकांची बेरीज वा सरासरी कोणी काढत नाही. ते अंकांत लिहिलेले नावच आहे. संगणकाला मात्र हे सांगावे लागते, आणि तेथेच गफलत होते.

संस्थेच्या सभासदांना अंक पाठवायचा असो वा लग्नपत्रिका, पत्ते बहुधा एक्सेलमध्ये असतात आणि लेबले वर्डच्या ‘मेल मर्ज’ सुविधेने छापली जातात. पत्त्यांची भर वेगवेगळ्या हातांनी पडते. एक जण ४४२१०२ असे सलग टंकतो. दुसरा टपालाच्या जुन्या सवयीने ४४२ १०२ असे मध्ये जागा सोडून. एक्सेल पहिल्याला संख्या समजते, दुसऱ्याला मजकूर. रकान्याची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल, तर संख्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला चिकटलेला दिसतो. दोष ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण.

वर्ड ही माहिती घेताना सर्वसाधारणपणे रकान्यातील पहिल्या आठ ओळी पाहून तो संख्येचा की मजकुराचा हे ठरवते. तेथे संख्या अधिक असल्या, तर पुढे येणाऱ्या मजकुरी पिनकोडच्या जागी शून्य किंवा कोरी जागा येते. म्हणूनच पहिले पान निर्दोष छापले गेले, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे. शिवाय एक्सेलमध्ये नुसते रूप बदलून ‘४४२ १०२’ असे दाखविले, तरी लेबलवर ती मोकळी जागा येत नाही. वर्डकडे जाते ती मूळ संख्या, तिचा पेहराव नव्हे.

उपाय कठीण नाही. नवी यादी करताना टंकण्यापूर्वीच संपूर्ण रकाना ‘टेक्स्ट’ या प्रकारात ठेवावा. जुन्या यादीत नुसता प्रकार बदलून भागत नाही, कारण आधी भरलेल्या संख्या संख्याच राहतात. त्यासाठी प्रथम ‘फाइंड अँड रिप्लेस’ने मधल्या जागा काढाव्यात. मग शेजारी नवा रकाना घेऊन त्यात ‘टेक्स्ट’ हे सूत्र वापरावे व नमुना म्हणून सहा शून्ये द्यावीत. अंक तीन-तीनच्या गटांत हवे असल्यास तीन शून्यांनंतर एक जागा सोडावी. लेबलला हाच रकाना जोडावा, मूळ नव्हे.

परदेशस्थ नातेवाइकांच्या पत्त्यांत आणखी एक अडचण येते. भारतीय पिनकोड शून्याने सुरू होत नाही, परंतु अमेरिकेतील न्यू जर्सीचे पाच अंकी झिपकोड शून्यानेच सुरू होतात. एडिसनचा ०८८१७ संख्या म्हणून साठविला की ८८१७ उरतो. तेथे वरील सूत्रात सहाऐवजी पाच शून्ये द्यावी लागतात. साहजिकच देशी आणि परदेशी पत्त्यांची यादी वेगळी ठेवणे सोयीचे. छपाईपूर्वी वर्डच्या ‘प्रीव्ह्यू रिझल्ट्स’मध्ये यादीच्या मधली आणि शेवटची काही लेबले जरूर पाहावीत.