चव मोजण्याचे संख्याशास्त्र

सरबतात किती साखर आहे हे प्रयोगशाळेत नेमके सांगता येते. ते किती गोड लागते हे मात्र पिणाऱ्या माणसालाच विचारावे लागते, आणि माणसाचे उत्तर दर वेळी सारखे येत नाही. तेच सरबत एकाला सकाळी गोड लागते, जिलबी खाल्ल्यावर पाणचट लागते; शेजारच्याला ते दोन्ही वेळा बेताचेच वाटते. अशा हलत्या उत्तरांमधून भरवशाचा निष्कर्ष काढणाऱ्या शास्त्राला संवेदी मूल्यमापन म्हणतात. बिस्किटे, चहा, बिअर, औषधी सिरप तयार करणारे उद्योग त्यावर विसंबून असतात. प्रश्न कसा विचारला आणि निव्वळ अंदाजाने किती उत्तरे बरोबर आली असती, या दोन गोष्टी ठाऊक असल्याशिवाय चवीबद्दलच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नसतो, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे.

आठ कप चहा

या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रातले आहे. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ पासून तिथे काम करत होते. त्याच संस्थेतल्या शैवालतज्ज्ञ म्युरिएल ब्रिस्टल यांचे म्हणणे असे की, कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे त्यांना चवीवरून कळते. या दाव्याची परीक्षा कशी घ्यावी याचे विवेचन फिशर यांनी १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथात केले.

योजना साधी होती. आठ कप भरायचे, चार आधी दुधाचे आणि चार आधी चहाचे. कोणता कप केव्हा पुढे येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चार-चार कप आहेत एवढे चाखणाऱ्या व्यक्तीला माहीत असते. तिने आधी दूध घातलेले चार कप निवडायचे. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर असतो. म्हणजे काहीही कळत नसताना सगळे कप अचूक ओळखले जाण्याची शक्यता ७० मध्ये १, साधारण दीड टक्का. एवढी कमी शक्यता खरी ठरली, तर दाव्यात तथ्य आहे असे मानायला आधार मिळतो.

आता चारांपैकी तीनच कप बरोबर निघाले, तर? अशी निवड १६ प्रकारे होऊ शकते. म्हणून ‘तीन किंवा चार बरोबर’ हा निकाल अंदाजाने येण्याची शक्यता ७० मध्ये १७, म्हणजे जवळजवळ २४ टक्के होते. एका चुकीने पुरावा इतका दुबळा होतो. ‘काहीच फरक कळत नाही’ असे गृहीत धरून सुरुवात करायची आणि पुरावा त्या गृहीताला खोटे ठरवण्याइतका सबळ आहे का ते पाहायचे, या पद्धतीतल्या सुरुवातीच्या गृहीताला फिशर यांनी याच ग्रंथात शून्य परिकल्पना हे नाव दिले.

तीन पेल्यांची चाचणी

कारखान्यातला प्रश्न बहुधा असा असतो: साखर थोडी कमी केली किंवा कच्चा माल दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतला, तर गिऱ्हाइकाला कळेल का? त्यासाठी त्रिकोण चाचणी सर्वांत जास्त वापरली जाते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यनिर्मिती कारखान्यात १९४० च्या दशकात बिअर पारखताना तिचा विकास झाला. आज ती आयएसओ ४१२० या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. भारतीय मानक संस्थेनेही आयएस ६२७३ मध्ये संवेदी परीक्षणाचे मार्गदर्शन दिले आहे.

चाखणारा माणूस एका बंदिस्त कप्प्यात बसतो, शेजारच्याचा चेहराही त्याला दिसत नाही. समोरच्या लहान खिडकीतून ताटली आत सरकते. तिच्यावर तीन सारखे पेले असतात, दोन एका प्रकारचे आणि एक दुसऱ्या. पेल्यांवर ४१७, ८६२, २९५ असे स्वैर तीन आकडी क्रमांक असतात. १, २, ३ लिहिले तर पहिला तो चांगला असा ग्रह होतो. रंगात फरक असेल तर कप्प्यात लाल दिवा लावतात. दोन घोटांच्या मध्ये साध्या पाण्याने तोंड धुवायचे असते. तीन पेले मांडण्याचे सहा क्रम होतात आणि ते सगळे सारख्याच वेळा वापरले जातात. वेगळा पेला कोणता, एवढाच प्रश्न असतो. कळले नाही तरी एकावर बोट ठेवावेच लागते, कारण अंदाजाचा वाटा एक तृतीयांश हे त्यामुळेच पक्के धरता येते.

तीस माणसांनी चाचणी दिली तर दहा जण नुसत्या अंदाजाने बरोबर येतील अशी अपेक्षा असते. अंदाजाने तसा निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी असावी, ही प्रचलित कसोटी लावल्यास किमान १५ जणांनी वेगळा पेला ओळखला तरच फरक जाणवतो असे म्हणता येते. साठ माणसे घेतली तर २७ पुरतात. माणसे वाढली की बरोबर उत्तरांचे लागणारे प्रमाण ५० टक्क्यांवरून ४५ वर उतरते.

इथे एक चूक वारंवार होते. तिसांपैकी १३ जणच बरोबर आले, म्हणून दोन्ही नमुने सारखेच आहेत असा निष्कर्ष काढला जातो. तो निराधार असतो. समजा, दर पाच माणसांतल्या एकाला फरक खरोखर कळतो. तरीही तीस जणांची चाचणी हा फरक निम्म्याहून अधिक वेळा पकडू शकत नाही. फरक सिद्ध न होणे निराळे आणि साम्य सिद्ध होणे निराळे. साम्य दाखवायचे असेल तर कितीतरी जास्त माणसे घ्यावी लागतात आणि किती फरक चालेल हे चाचणीआधीच ठरवावे लागते.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

फरक आहे की नाही यापुढचा प्रश्न म्हणजे फरक किती. त्याचा पाया शिकागो विद्यापीठातले लुई लिऑन थर्स्टन यांनी १९२७ मध्ये घातला. त्यांच्या मते एकाच नमुन्याची जाणीव दर वेळी थोडी वर-खाली होते आणि या जाणिवा घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरतात. दुसऱ्या नमुन्याचा असाच वक्र थोडा बाजूला असतो. दोन शिखरांमधले अंतर त्या पसाऱ्याच्या एककात, म्हणजे प्रमाण विचलनात, मोजले की फरकाचे माप मिळते.

या विचाराने एक जुने कोडे सुटले. १९५३ मध्ये बायर आणि अब्राम्स या संशोधकांना कडू द्रावणांच्या चाचणीत असे दिसले की, वेगळा पेला ओळखण्यात चुकलेली अनेक माणसे जास्त कडू कोणता हे मात्र बरोबर सांगत होती. फरक न ओळखणारेच फरक ओळखत होते! ग्रिजमन यांनी १९७० मध्ये या विरोधाभासाला नाव दिले आणि १९७९ मध्ये फ्रायटर्स यांनी थर्स्टन यांच्या सिद्धान्तावरून त्याचा उलगडा केला. एकाच प्रकारचे दोन पेलेही जिभेला तंतोतंत सारखे लागत नाहीत. वेगळा कोणता हे ठरवताना तिन्ही जोड्यांमधली अंतरे मनात तोलावी लागतात. सर्वांत कडू कोणता हे ठरवताना एकच टोक शोधायचे असते. म्हणून पहिले काम अवघड जाते.

आकड्यांत हे ठळक दिसते. दोन नमुन्यांमधले अंतर बरोबर एक एकक असेल, तर दोन पेल्यांतून जास्त कडू निवडताना सुमारे ७६ टक्के उत्तरे बरोबर येतात. तीन पेल्यांतून सर्वांत कडू निवडताना ती ६३ टक्के असतात. त्रिकोण चाचणीत मात्र फक्त ४२ टक्के. चव तीच, जीभ तीच. टक्केवारी प्रश्नाप्रमाणे बदलते. म्हणून दोन निराळ्या चाचण्यांची टक्केवारी थेट शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते.

आवड मोजताना

आवडीसाठी जगभर नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते. डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकी सैनिकांच्या जेवणाचा कस लावण्यासाठी, शिकागोच्या लष्करी अन्नसंशोधन संस्थेत तयार केली. ‘अतिशय नावडते’ पासून ‘अतिशय आवडते’ पर्यंतच्या या श्रेणीत पाचवी पायरी तटस्थ असते. ती सोपी आहे, पण तिच्या मर्यादा आहेत. पायऱ्यांमधले अंतर सगळ्यांच्या मनात सारखे नसते आणि बरीच माणसे टोकाचे गुण द्यायला कचरतात.

सरासरी तर अनेकदा फसवते. निम्म्या लोकांनी आठ आणि निम्म्यांनी दोन गुण दिले, तर सरासरी पाच येते. पाच गुण देणारे कोणीच नसते. असे गट शरीररचनेमुळेही पडतात. १९३१ मध्ये ड्यूपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांना पीटीसी नावाच्या पदार्थाची चव अजिबात लागली नाही. सहकाऱ्याला मात्र तो कडू लागला. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि त्यामागचे मुख्य जनुक २००३ मध्ये सापडले. म्हणून सरासरीआधी गुणांचा पसारा पाहणे आवश्यक असते.

गुण देण्यापेक्षा दोहोंतले एक निवडणे माणसाला सोपे जाते. अशा जोडीजोडीच्या निवडींवरून सर्व नमुन्यांची एकच क्रमवारी लावण्याचे सूत्र राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी यांनी १९५२ मध्ये मांडले. एका नमुन्याचे मूल्य दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर तीनपैकी दोन वेळा पहिल्याची निवड होते, असे ते सूत्र सांगते.

नमुने जास्त असले की जीभ थकते. त्यावर अपूर्ण गटांच्या आराखड्यांचा उपाय आहे. नमुने सात, चाखणारे सात, प्रत्येकाला फक्त तीन नमुने. तरी कोणतेही दोन नमुने नेमके एकाच माणसाच्या ताटात एकत्र येतील अशी मांडणी करता येते. असे आराखडे फ्रँक येट्स यांनी १९३६ मध्ये पुढे आणले आणि ते रचण्याच्या गणिती पद्धती कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस यांनी विकसित केल्या. आधीच्या घोटाची चव पुढच्या घोटावर रेंगाळते. तो परिणाम सर्व नमुन्यांवर समान वाटणारी क्रमरचना ई. जे. विल्यम्स यांनी १९४९ मध्ये दिली.

या साऱ्या पद्धतींची कामे वाटलेली आहेत. फरक कळतो का, हे त्रिकोण किंवा जोडी चाचणीने तपासायचे. फरक कोणत्या गुणात आणि किती, हे प्रशिक्षित पॅनेलला विचारायचे. पदार्थ आवडतो का, हे मात्र त्या पॅनेलला विचारायचे नाही, कारण प्रशिक्षणाने त्यांची जीभ चिकित्सक झालेली असते. तो प्रश्न नेहमीच्या गिऱ्हाइकांचा. आणि प्रत्येक वेळी किती माणसे, कोणता प्रश्न आणि कोणती कसोटी हे पहिला घोट घेण्याआधीच लिहून ठेवायचे.