गेम कंपन्यांना पीएचडीचे विद्यार्थी का हवेत?

मोबाइल गेममध्ये तुम्ही कोणत्या लेव्हलला अडकता, कधी कंटाळून बाहेर पडता, याची नोंद कंपनीकडे होत असते. त्यातून खेळाडूला ओळखणारी एआय घडवता येते. पण वर्षानुवर्षे संशोधनाला कंपनीकडे सवड नसते. विद्यापीठांचे उलटे: संशोधक आहेत, डेटा नाही.

यावर तोडगा काय?
ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सरकारी निधीतून 'इग्गी' हे पीएचडी केंद्र सुरू झाले. यॉर्क, एसेक्स आणि गोल्डस्मिथ्स त्यात एकत्र आले. चार वर्षांच्या पीएचडीत विद्यार्थी काही काळ गेम कंपनीतही काम करतात.

मेख कुठे आहे?
प्रबंध सर्वांसमोर यायला हवा. कंपनीला डेटा गुप्त हवा. त्यामुळे काय प्रसिद्ध करायचे, हे आधीच ठरलेले बरे. नाहीतर मधल्या मध्ये अडकतो तो विद्यार्थी.