सांता बार्बराची तीस एकर

लॉस एंजेलिसहून समुद्र डाव्या हाताला ठेवून दीडशे किलोमीटर गेलं की सांता बार्बरा येतं. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला सांता यनेझचे डोंगर आणि मधल्या पट्टीत लाल कौलांचं शहर. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका बुटक्या टेकडीवर इथलं प्राणिसंग्रहालय आहे. जागा सगळी मिळून तीस एकर. आपली राणीची बागसुद्धा याहून ऐसपैस. लहान मुलं, त्यांची बाबागाडी आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असा सगळा लवाजमा घेऊन निघालात, तरी वाटेत खाणंपिणं करत दोन-तीन तासांत ते निवांत बघून होतं. टेकडीला वळसा घालणारी छोटी आगगाडी आहे, आणि मुलांच्या लेखी अर्धा दिवस तिचाच असतो.

या जमिनीचा पूर्वेतिहास मला फार आवडतो. इथे लिलियन चाइल्ड नावाच्या श्रीमंत विधवा बाईंचा बंगला होता. रेल्वेच्या मालगाड्यांतून कामाच्या शोधात भटकणाऱ्या बेघर माणसांना त्यांनी आपल्या आवारात झोपड्या बांधून राहू दिलं. त्या वस्तीला लोक ‘जंगलव्हिल’ म्हणत. बाईंनी १९४७ साली ही मिळकत एका सार्वजनिक न्यासाला दिली आणि १९५१ साली त्या वारल्या. रिकामा पडलेला बंगला पुढे अग्निशमन दलाच्या सरावात जाळून टाकला गेला. गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी माजलेलं रान साफ केलं, आणि १९६३ साली मोजक्या प्राण्यांनिशी मुलांसाठी ही बाग उघडली. आज इथे सुमारे पाचशे प्राणी आहेत. वाघ-सिंहांच्या भाऊगर्दीसाठी मात्र कुणी इथे येऊ नये.

यायचं ते जिराफांसाठी. पैसे भरून हिरव्या सॅलडची पानं हातात घ्यायची आणि उंच कट्ट्यावर उभं राहायचं. जिराफ मान लांबवतो, त्याची काळपट जांभळी जीभ मुलाच्या बोटांना वळसा घालून पान ओढून नेते, आणि त्याच्या डोक्यामागे निळा समुद्र दिसत असतो. पुस्तकातल्या चित्रात प्राण्याचा श्वास लागत नाही. इथे तो हाताला लागतो.

या गावाची सर्वांत लाडकी जिराफ आता नाही. जेमिना १९८६ साली सॅन डिएगोजवळ जन्मली आणि लहानपणीच इथे आली. ती तीनेक वर्षांची असताना तिच्या मानेत एक बाक दिसू लागला. तो वाढत वाढत इतका झाला की मान मधोमध कोपरासारखी दुमडलेली दिसे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. नेमकं कारण सापडलं नाही, पण तिला वेदना होत असल्याचंही दिसलं नाही. संग्रहालयाने तिला मागच्या आवारात दडवलं नाही. ती बाकीच्या जिराफांबरोबर सगळ्यांच्या नजरेसमोर राहिली आणि २००८ च्या जानेवारीत, एकविसाव्या वर्षी गेली. जिराफाच्या मानाने हे आयुष्य चांगलं लांब. शाळेच्या सहलीत आलेल्या किती मुलांनी तिच्याकडे पाहून वेगळं शरीर म्हणजे वाईट शरीर नव्हे हे ओळखलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

पेंग्विनपाशी मराठी मुलं एकदम ओळखीचं हसतात. हे हंबोल्ट पेंग्विन, म्हणजे २०१७ पासून राणीच्या बागेत पाहायला मिळतात तेच. मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. भायखळ्याला त्यांच्यासाठी यंत्रांनी गारवा करावा लागतो. इथे पॅसिफिकचा थंड प्रवाह तो आयता पुरवतो, म्हणून ते उघड्यावर राहतात. कुठला प्राणी कुठे ठेवावा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर हवेतच असतं.

उरलेलं अर्धं उत्तर जागेत असतं, आणि ते या संस्थेला दोन हत्तिणींनी शिकवलं. १९७२ साली म्हैसूरहून इथे दोन पिल्लं आली: सुजाता आणि लिटल मॅक. कर्नाटकातून निघून पॅसिफिकच्या काठी पोचलेल्या या दोघी पुढची सेहेचाळीस वर्षं एकमेकींच्या सोबतीने राहिल्या. गावातल्या दोन पिढ्यांनी हत्ती म्हणून त्यांनाच पाहिलं. २०१८ च्या ऑक्टोबरात सुजाता गेली, पुढच्या सप्टेंबरात लिटल मॅक. हत्ती कळपाने राहणारा, मैलोन्‌मैल चालणारा प्राणी. तीस एकरांच्या बागेत त्याच्या वाट्याला येऊन येऊन किती जमीन येणार? त्या दोघींनंतर इथे हत्ती आणले नाहीत. त्यांच्या जागी आता कांगारूंसारखे ऑस्ट्रेलियातले लहान प्राणी आहेत. हत्ती म्हणजे प्राणिसंग्रहालयाची हमखास गर्दी. ती सोडून द्यायला हिंमत लागते, आणि अशी हिंमत मोठमोठ्या शहरांतल्या संस्थांनीही दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

मात्र जे काम पाहायला मी कुणालाही इथे पाठवीन ते कॉन्डोरचं. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अमेरिकेतलं महाकाय गिधाड. पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर, डोकं बोडकं, अन्न फक्त मेलेली जनावरं. १९८२ साली जगात हे पक्षी २२ उरले होते. १९८७ साली रानातला शेवटचा कॉन्डोरही पकडून आणला गेला, तेव्हा सगळे मिळून २७ होते. त्यांची वीण पिंजऱ्यांत वाढवली आणि १९९२ पासून पक्षी पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली. आज संख्या पाचशेच्या वर आहे. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही बहुधा वर्षाआड, म्हणून एकेक पिल्लू मोलाचं.

इथले कर्मचारी सरकारी वन्यजीव खात्याच्या लोकांबरोबर जवळच्या डोंगरांत जातात आणि कड्यांवरच्या घरट्यांवर दुर्बिणी व कॅमेरे लावून बसतात. दोराने उतरून पिल्लू तपासतात, त्याला वेस्ट नाइल विषाणूची लस टोचतात आणि घरट्यातला कचरा वेचतात. काचेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, तारांचे तुकडे असा आपण टाकलेला चुरा हे पक्षी उचलून पिल्लांना भरवतात. बहुधा हाडाचे किंवा शिंपल्याचे तुकडे समजून. पिल्लाचं पोट त्याने भरतं आणि ते मरतं.

मोठ्या पक्ष्यांचा वैरी वेगळाच: शिसं. शिकाऱ्याच्या गोळीचे कण मेलेल्या जनावरात राहतात आणि ते मांस खाणाऱ्या कॉन्डोरला विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने आधी कॉन्डोरच्या टापूत आणि २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. तरी आजही शिशानेच सर्वाधिक बळी जातात.

ही कहाणी महाराष्ट्राच्या वाचकाला नवी वाटू नये. आपली गिधाडं डायक्लोफेनॅकने मारली. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि नव्वदच्या दशकात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांसारख्या जाती हां हां म्हणता संपत आल्या. भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकरी आणि कार्यकर्ते मिळून गिधाडांची घरटी जपत आले आहेत.

कॉन्डोरच्या पिंजऱ्यापुढे मुलं फार थांबत नाहीत. त्यांना पेंग्विन हवे असतात, आगगाडी हवी असते. आई-बाबांनी तिथे दहा मिनिटं बसावं, समोरच्या डोंगरांकडे बोट दाखवून याचे भाऊबंद तिकडे मोकळे उडतात हे सांगावं, आणि सुट्टीत गावी नेलं की त्याच मुलांना चिरगावही दाखवावं.