दम लागतो? मग चाला!

दिव्याच्या आमच्या आजीला सीओपीडी आहे. विडी कधी ओढली नाही, पण निम्मं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं. दम लागतो म्हणून ती बसून राहायची. त्याने स्नायू ढिले पडले आणि स्टेशनचा पूल चढताना दम आणखीनच लागू लागला. हे चक्र तोडतं पल्मोनरी रिहॅबिलिटेशन. आधी सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजतात. मग साधारण ६ ते १२ आठवडे देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम आणि फुंकर घातल्यासारखा सावकाश श्वास सोडणं. फुफ्फुसं काही नवी होत नाहीत. इंजिन तेच, पण स्नायूंची एफिशियन्सी वाढते, म्हणून तेवढ्याच कामाला हवा कमी लागते. मित्रहो, घरी कुणाला धाप लागत असेल तर नुसतं "बसून राहा" म्हणू नका, डॉक्टरांना याबद्दल विचारा.